सहा पायांचा स्विच

व्यवस्थित वाजणारी गिटार उघडायची बुद्धी माणसाला का होते, हे आमच्या घरात अजून कोणाला कळलेलं नाही. मिक्सर, इस्त्री, टीव्हीचा रिमोट यांची पोटं फाडायला आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या कुठल्याही नवऱ्याला पूर्ण मुभा असते, फक्त ती आधी बंद पडलेली असली पाहिजेत. धडधाकट वस्तू उघडायची, तिचा आवाज मुद्दाम बारीक करून घ्यायचा, त्यापायी पदरचे पैसे घालायचे आणि वर आनंदी दिसायचं, हे मात्र कुठल्याच नियमात बसत नाही.

"म्हणजे आवाज वाढणार?" बायकोनं विचारलं.

"नाही, कमी होणार."

"मग गोड होणार?"

"गोड असं नाही म्हणता येणार. नाकातला होणार."

ती पुढचं काही न विचारता आत गेली आणि तिनं माहेरी फोन लावला.

आता हे नाकातलं प्रकरण काय ते सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढे घातलेली तांब्याची तार, जाडी साधारण ०.०६ मिलिमीटर. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत जरासा करंट उमटतो आणि तो अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरकडे जातो. माझ्या गिटारला असे दोन पिकअप आहेत, एक मानेजवळ आणि एक ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली टेकतात तिथं. दोन्ही एकदम चालू केले की दोघांचं मिळून भरदार वाजतं. पण त्यातल्या एकाच्या दोन वायरींची अदलाबदल केली, तर एक पुढं ढकलत असतो तेव्हा दुसरा मागं ओढतो. दोघांकडं जे सारखं आहे ते एकमेकांत विरून जातं, आणि सारखं असतं ते मुख्यतः खालचं, खर्जाचं. उरतं ते वरवरचं, चिमटीत धरल्यासारखं. याला आउट ऑफ फेज म्हणतात, आणि यासाठी जगभरची शहाणी माणसं हातात सोल्डरिंग आयर्न घेतात.

पीटर ग्रीन नावाच्या इंग्रज गिटारवाल्याकडं १९५९ सालची लेस पॉल नावाची गिटार होती. तिच्या मानेजवळच्या पिकअपचा चुंबक उलटा बसला होता. त्यामुळं दोन्ही पिकअप एकत्र लावले की तो पोकळ, रडवा सूर निघायचा, आणि त्या सुरावर लोक इतके भाळले की ती गिटार पुढं गॅरी मूरकडं आणि मग मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडं गेली. दुसरे क्वीन बँडचे ब्रायन मे. यांनी १९६३ पासून वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार बनवली. मानेला लाकूड कुठलं, तर जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. तिच्यात तीन पिकअप, प्रत्येकाला चालू-बंदचा एक आणि फेजचा एक असे मिळून सहा स्विच. मी बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, "आपल्या हॉलच्या बोर्डावर सुद्धा चारच आहेत हो." वडिलांनी मदत केली हा भाग मी आईला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवला. बाबांनी पेपर वर धरला.

एक गोष्ट मात्र इथंच सांगून मोकळा होतो, कारण तिच्यावरून माझं शहरातल्या गिटार शिकवणाऱ्या निम्म्या मंडळींशी वाजलं आहे. स्ट्रॅटोकॅस्टर नावाच्या गिटारच्या स्विचच्या दोन जागांमधला जो चुळचुळीत आवाज असतो, त्याला सगळे आउट ऑफ फेज म्हणतात. तो तसला नसतो. १९५४ साली ती गिटार आली तेव्हा तिला तीनच जागांचा स्विच होता. वाजवणारे तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायचे आणि दोन पिकअप एकदम वाजवायचे. कंपनीनं शेवटी १९७७ मध्ये पाच जागांचा स्विच दिला. पण त्या मधल्या जागांवर दोन्ही पिकअप एकाच दिशेनं ढकलत असतात. खरा आउट ऑफ फेज ऐकला की माणूस आधी केबल हलवून बघतो. हा फरक मी एका लग्नाच्या पंगतीत समजावून सांगत होतो तेव्हा वाढपी जिलेबी घेऊन पुढं निघून गेला, म्हणून एवढा लक्षात आहे.

असो. माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक पीटर ग्रीनची, म्हणजे पिकअप उघडून चुंबक उलटा करायचा. यात वायरिंगला हातच लावायचा नाही. पण मग दोन्ही पिकअप एकत्र लावले की कायमचा नाकातलाच आवाज, भरदार पुन्हा मिळणार नाही. मला दोन्ही पाहिजे होते. मध्यमवर्गीय माणसाला एकावर एक फुकट लागतं. म्हणून दुसरी वाट धरली, सहा पायांच्या स्विचची, ज्याला डीपीडीटी म्हणतात. मधल्या दोन पायांवर पिकअपच्या दोन वायरी, कोपऱ्यातले चार पाय आपसात फुलीत जोडलेले. दांडी इकडं केली की सुलट, तिकडं केली की उलट. लाकडाला भोक पाडायचं नसेल तर हाच स्विच व्हॉल्यूमच्या पॉटखाली, म्हणजे फिरवायच्या बटणाच्या आतल्या डबीखाली, चिकटवलेला मिळतो, बटण वर ओढलं की काम होतं.

मिळतो म्हणजे जगात मिळतो. मी खडेबाजारात गेलो.

"एनु बेकु री?" काउंटरवरच्या मालकांनी विचारलं आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून लगेच मराठीत आले, "काय पाहिजे?"

"पुश-पुल पॉट. ५०० के. खाली डीपीडीटी स्विच असलेला."

"कशाला बसवायचाय?"

बेळगावच्या दुकानदाराला हे विचारावंच लागतं. गिऱ्हाईक काय मागतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, गिऱ्हाइकाला काय लागेल हे तो ठरवतो. गिटारला म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले, मागच्या पोराला कानडीत काहीतरी सांगितलं, आणि पोरानं पंख्याचा रेग्युलेटर आणून ठेवला. तो नको म्हटल्यावर जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा ओढायचा व्हॉल्यूम निघाला. त्यावर बरीच वर्षं धूळ खाल्ल्याचा अभिमान होता, पण स्विचला पाय दोनच.

"याला सहा पाय पाहिजेत," मी म्हणालो.

"दोन पायावर माणूस चालतोय, तुमची गिटार का नाही चालत?" शेजारी होल्डर घ्यायला आलेल्या गृहस्थांनी विचारलं. ते निपाणीहून आले होते, त्यांना बस गाठायची होती, तरीही ते थांबले. मग चर्चा मराठीतून कानडीत, कानडीतून हिंदीत आणि हिंदीतून थेट माझ्या वयावर आली. शेवटी मालक म्हणाले, "होगली बिड्री, जाऊ द्या, पुण्याहून मागवा." मी पुण्याहून मागवला. तो पंजाबातून आला.

खरी मेख पुढंच होती. माझे पिकअप धातूच्या टोपणाचे. आत कॉइलचं, म्हणजे त्या वेढ्यांच्या तारेचं, एक टोक त्या टोपणालाच सोल्डर केलेलं असतं, म्हणजे टोपण अर्थिंगला आणि कॉइलचं टोकही अर्थिंगला. अशा पिकअपच्या वायरी उलट्या केल्या की टोपणच सिग्नलच्या बाजूला जातं, बोट लागलं की घूं करून ओरडतं. म्हणून आधी कॉइलचं टोक टोपणापासून सोडवून त्याला वेगळी वायर काढावी लागते, आणि टोपणाला स्वतंत्र अर्थिंग. तार केसाहून बारीक आणि टोपण तव्याएवढं उष्णता पिणारं. माझं २५ वॅटचं आयर्न त्या पत्र्यावर नुसतं हात शेकत बसतं. हे काम माणसाचं, आणि तो माणूस बेळगावात गिटारच्या दुकानात नाही, अनगोळला मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसतो.

अण्णांकडं नेहमीप्रमाणं रांग होती. येळ्ळूरचे दोघंतिघं शेतकरी आपापल्या जळलेल्या मोटारी पायाशी घेऊन बसलेले. मी त्यांच्या शेजारी गिटार टेकवली.

"हे किती एचपीचं?" एकानं विचारलं.

अण्णांनी पिकअप हातात घेऊन फिरवला, चष्मा कपाळावर सरकवला. "कोण वाइंडिंग केलंय हे?"

"मशीननं केलेलं असतंय."

"मशीनला पण डोळे लागतात की ओ. ही तार बघा." त्यांनी ती तार शेतकऱ्यांना दाखवली. कोणाला दिसली नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी वायरी उलट करायचं सांगितलं. मला वाटलं आता पुन्हा चुंबकापासून सुरुवात. अण्णा म्हणाले, "म्हणजे मोटारीचं कनेक्शन उलटं मारल्यासारखं की. थ्री फेजच्या दोन वायरी बदलल्या की मोटार उलटी फिरत्या आणि पाणी वर चढत नाही."

"हां! म्हणून त्याचा आवाज चढत नाही!" येळ्ळूरवाले म्हणाले.

इतक्या कमी शब्दांत आउट ऑफ फेज मी कुठंही समजावलेलं ऐकलं नव्हतं. पंगतीतल्या मंडळींना येळ्ळूरला पाठवायला पाहिजे होतं.

अण्णांकडं काट्याचा जुना मीटर आहे. डिजिटलवर आकडे नुसते पळतात, काटा दिशा दाखवतो. मीटरच्या दोन टोकांना पिकअपच्या दोन वायरी लावल्या, अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर पिकअपच्या तोंडावर टेकवला आणि झटकन वर उचलला. काटा उजवीकडं उडाला. दुसऱ्या पिकअपलाही उजवीकडं. दोघंही एका मताचे. मग एकाच्या वायरी उलट धरल्या, स्क्रू ड्रायव्हर उचलला, काटा डावीकडं. शेतकऱ्यांना हे इतकं आवडलं की स्क्रू ड्रायव्हर हातोहात फिरू लागला. "मी उचलतो," "आता माझा," असं करत प्रत्येकानं काटा उडवून बघितला. करंट कुठं लावलेला नाही, बॅटरी नाही, नुसतं लोखंड हललं आणि काटा उडाला, याचं त्यांना वाटलेलं कौतुक मला आजवर एकाही गिटारवाल्याच्या तोंडावर दिसलेलं नाही.

टोपणाचं सोल्डर सुटत आलं आणि लाईट गेली. आयर्न थंड होईपर्यंत चहा झाला, उसाच्या दराची चर्चा झाली, लाईट आली, आयर्न तापलं, परत गेली. मी मध्येच बाहेर जाऊन अर्धा किलो कुंदा आणला, कारण अण्णा पैसे घेत नव्हते आणि रांगेतले लोक माझ्यामुळं मागं पडले होते. त्यातला माझ्या वाट्याला कागद आला.

घरी येऊन तारा चढवल्या, अँप लावला, बटण खाली ठेवून एक झंकार सोडला. भरदार. मग बटण वर ओढलं.

"केबल निघाली," बाबा पेपरआडून म्हणाले.

आई म्हणाली, "याला वाफ द्यायला पाहिजे."

शेजारचे काका मात्र उठून आमच्या दारात आले. काका गाण्यातले. सुळेभावी म्हटलं की लोकांना गाव आठवतं, काकांना १९२४ साल आणि तिथं जन्मलेले कुमार गंधर्व आठवतात. ते म्हणाले, "खालचा षड्ज कुठं गेला रे? खाल्लास?"

आता काकांना सहजासहजी ऐकून घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. कारण त्यांच्याकडं मिरजेहून आणलेला तंबोरा आहे, आणि त्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा सूर, लावायला ते घोडीवरच्या तारेखाली दोरा घालून केसभर पुढं, केसभर मागं असं सकाळभर करत बसतात. तेवढ्या वेळात आमच्याकडं भात होऊन जेवणं उरकतात. मी म्हणालो, "काका, तुम्ही दोरा सरकवता, मी बटण ओढतो."

काका खुर्चीत बसले. "ओढ बघू. आता दाब. परत ओढ." मग त्यांनी मला असा काही कामाला लावला की स्विचवाल्या कंपनीनं पण कधी एवढी तपासणी केली नसेल. मी त्यांना खरी खुबी दाखवली. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पुरे असले की दोघं एकमेकांना जास्तीत जास्त खातात आणि आवाज अगदी कागदी होतो. एकाचा व्हॉल्यूम दहावरून आठवर आणला की तो जरा कमी पडतो, आणि खालचं थोडं मांस परत येतं. काका डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "खर्ज गेला ते गेलाच. पण गंधार बाहेर आला बघ."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काकांना चहा ठेवलाय." एवढा मान आमच्या घरात माझ्या गिटारला पहिल्यांदाच मिळाला.

प्रकरण इथं मिटायला हरकत नव्हती. पण गल्ली बेळगावची, आणि गणपती तोंडावर आलेले. संध्याकाळी मंडळाचा बेंजोवाला दारात उभा. काखेत बेंजो.

"दादा, ते बटण आमच्या बेंजोला लागंल काय? तुमचा तो किरकिरा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत कळतोय. ढोल-ताशात आपला बेंजो ऐकूच येत नाही."

मी त्याला बसवून समजावलं. "तुझ्या बेंजोला पिकअप एकच आहे. एकट्याला उलटं केलं तर कानाला काही फरक कळत नाही. भांडायला दुसरा लागतो."

"मग दुसरा बसव की."

"जागा कुठाय?"

"उघडून बघ की." आणि तो बेंजो आमच्या दिवाणावर ठेवून, चप्पल घालून गेलासुद्धा.

अण्णांना फोन लावला. पलीकडं मोटार फिरल्याचा आवाज, माणसांचा गलका. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "आणा की. पण दुपारी या, येळ्ळूरवाले पण येणार आहेत बघायला. आणि या वेळी कुंदा एक किलो घ्या."