‘परदेशी नंबर’ कोल्हापुरात चालतो का?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: ब्रॉडबँडवाल्यांच्या, सोसायटीच्या आणि तालमीच्या. तालमीच्या ग्रुपवर तर खाली ‘ब्लॉक करा सगळं’ म्हणून मंडळींनी शड्डूच ठोकले होते. मेसेज थोडक्यात असा: प्रत्येक देशाला लोकसंख्येप्रमाणे नेटवरच्या जोडणीचे ओळख-नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस वाटून दिलेत. एका भागाचा नंबर दुसरीकडे वापरणं जगभर बेकायदा आहे. आफ्रिकेचे लाखो नंबर चोरून आशियात आणले. तुमच्या नेटचा नंबर परदेशी दिसला तर तुमचा डेटा परदेशात चाललाय. म्हणून सरकारने भारताचे नंबर भारतातच कुलूपबंद करावेत.

मी राजारामपुरीत छोटं ब्रॉडबँड चालवतो, नंबर पुरवून पुरवून वापरणं हा रोजचाच धंदा. त्यामुळे लिहितोय.

लोकसंख्येप्रमाणे वाटणी कधीच झाली नाही. सुरुवातीला ज्याने मागितले त्याला मिळाले. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या एकट्या संस्थेकडे १ कोटी ६७ लाखांवर अ‍ॅड्रेस होते. त्यातले बरेच तिने २०१७ मध्ये विकायला काढले. देशाला कोटा नसतो. जगात पाच प्रादेशिक नोंदणी संस्था आहेत, आपल्याकडची एपनिक, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारतात तिच्या हाताखाली नंबर देणारी आयआरआयएनएन. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि एपनिक त्याच एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आली. आज नवा मेंबर झालात तर जास्तीत जास्त ५१२ अ‍ॅड्रेस मिळतात. एवढ्यात एक पेठसुद्धा भागत नाही, म्हणून आम्ही एका नंबरामागे अनेक घरं बसवतो.

आता ‘जगभर बेकायदा’. हा फौजदारी कायद्याचा विषयच नाही, नोंदणी संस्था आणि मेंबर यांच्यातला करार आहे, आणि पाचही ठिकाणी नियम वेगळे. एपनिकच्या धोरणात या भागातल्या मेंबरला नंबर बाहेर वापरायची परवानगी आहे. युरोपातली राइप म्हणते, तुमच्या नेटवर्कचा निदान एक चालू भाग आमच्या हद्दीत असू दे. अमेरिकेतल्या आरिनने २०१६ पासून रीतसर वाट करून दिली: निदान १,०२४ अ‍ॅड्रेस हद्दीत वापरात असावेत आणि मेंबरचा त्या भागाशी खराखुरा संबंध असावा. सगळ्यात कडक आफ्रिकेतली आफ्रिनिक. साठा संपत आल्यावरच्या तिच्या नियमात बाहेरचा वापर फक्त आफ्रिकेशी जोडणी करण्यापुरताच मान्य आहे. एमएच-०९ ची गाडी निपाणीला गेली म्हणून कुणी अडवत नाही, पण बारा महिन्यांवर तिथेच राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. इथेही प्रश्न तसाच, किती आणि कशासाठी, असा आहे. फक्त पाच आरटीओंचे पाच हिशेब आहेत.

आफ्रिकेच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण मेसेजवाल्याने दोन प्रकरणांची भेसळ केली आहे. पहिलं खरंच चोरीचं. नोंदणीतच हात घालून सुमारे ४० लाख अ‍ॅड्रेस वळवल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं. आपल्याकडे सातबाऱ्यावर खोटी फेरफार नोंद घालतात ना, तसंच. दुसरं प्रकरण क्लाउड इनोव्हेशन या सेशल्समध्ये नोंदलेल्या कंपनीचं. तिला आफ्रिनिकनेच २०१३ ते २०१६ या काळात ६२ लाखांच्या आसपास अ‍ॅड्रेस दिले. २०२१ मध्ये आफ्रिनिक म्हणाली, वापर आफ्रिकेबाहेर आहे, अर्जात सांगितला तसा नाही, परत द्या. कंपनी म्हणाली, करारात तशी मनाईच नाही, आणि थेट मॉरिशसच्या, म्हणजे आफ्रिनिकच्या मुक्कामाच्या, कोर्टात गेली. त्याच जुलैत आफ्रिनिकची बँक खाती गोठली, पुढे संचालक मंडळाचा कोरम गेला, २०२३ मध्ये कोर्टाने कारभार बघायला रिसीव्हर नेमला आणि नवं मंडळ निवडून यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. माझं मत विचाराल तर गरज एक दाखवून स्वस्तात घ्यायचं आणि भाड्याने भलतीकडेच लावायचं, हे मला पटत नाही. पण ती चोरी नव्हे, कराराचं भांडण आहे. नियम ढिला लिहिला की काय होतं ते तिथे दिसलं.

परदेशी नंबर म्हणजे डेटा परदेशात, याचा तर मी स्वतःच मार खाल्लाय. ग्राहक वाढले, नंबर पुरेनात, म्हणून एका दलालाकडून २५६ चा ब्लॉक भाड्याने घेतला. आधी तो युरोपात वापरात होता. तिसऱ्याच दिवशी रात्री फोन. “ओ दादा, मॅच बगायला बसलोय, आन् टीव्ही म्हणतोय तुमच्या देशात दिसत न्हाई. मी लक्ष्मीपुरीतच हाय न्हवं?” लोकेशन सांगणारी साइट उघडली तर पठ्ठ्या रोमानियात! मी ट्रेसराउट मारला, म्हणजे डेटा कुठून कुठून जातो ते तपासलं. त्याचा राउटर, माझा राउटर, मग थेट मुंबई. रोमानियाचा मागमूस नाही. डेटा कुठून जायचा ते तो नंबर ‘माझ्याकडे आहे’ असं बाकीच्या नेटवर्कना कोण कुठून जाहीर करतो त्यावर ठरतं, आणि तो मी राजारामपुरीतून जाहीर करत होतो. लोकेशनवाल्यांची वही तेवढी जुनी होती. नोंदीत ‘देश’ असा रकाना असतो खरा, पण तिथे हेड ऑफिसचा देश लिहायचा की मशीनचा, हे राइपनेसुद्धा कधी नक्की केलेलं नाही. यावर उपाय म्हणजे जिओफीड, एक साधी टेक्स्ट फाइल: ब्लॉक, देश, राज्य, शहर. मी तीत ‘कोल्हापूर’ लिहून ठेवलं. सगळ्या साइटना ते उमजेपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात लक्ष्मीपुरीचा गडी माझ्या नावाने काय काय बोलला, ते छापण्यासारखं नाही. दलालाने हे आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

राहिलं कुलूप. ते दोन्ही बाजूंनी लागतं. पुण्यातल्या कंपनीचे सर्व्हर सिंगापूरला असतील तर तिला तिथे आपले नंबर नेता येणार नाहीत, आणि मला बाहेरचे २५६ मिळणार नाहीत. मोकळीक हवी असेल तर ती आयपीव्ही६ या नव्या, लांब नंबरांच्या पद्धतीत आहे, तिथे नंबरांना तोटा नाही, आणि आपले मोबाइलवाले केव्हाच तिकडे गेलेत. अडतं ते जुन्या यंत्रांपाशी. परवा उद्यमनगरातला एक फौंड्रीवाला स्टॅटिक आयपी, म्हणजे कधी न बदलणारा नंबर, मागायला आला. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर दहा वर्षांचा, त्याला व्ही६ कळत नाही. त्या ‘रोमानिया’तलाच एक नंबर दिला. काल सकाळी सातला त्याचा मेसेज आला, भट्टी फोनवर दिसायला लागली म्हणून.