‘झाडपाल्याच्या औषधानं अपाय होत नाही’: एकेका दाव्याला उत्तर

‘झाडपाल्याचं औषध नैसर्गिक असतं. गुण आला तर आला, अपाय मात्र कधीच नाही,’ असा मेसेज सतत पुढे पाठवला जातो. तो अर्धवट नाही, मुळातच चुकीचा आहे. जी वनस्पती शरीरात काही घडवून आणते, ती मात्रेनुसार नको तेही घडवते.

‘हजारो वर्षं लोक घेत आलेत, अपाय असता तर कळला नसता का?’

तासाभरात दिसणारा अपाय परंपरेला कळतो. बचनाग या विषारी मुळानं माणूस दगावतो हे पूर्वीपासून ठाऊक आहे. पण आजचा काढा आणि कित्येक वर्षांनी झालेला कॅन्सर यांचा संबंध नुसत्या अनुभवातून लागत नाही. अ‍ॅरिस्टोलोकिया या प्रजातीचंच बघा. सापसण याच प्रजातीतली. १९९०च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये स्टेफानिया या वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकियाचं मूळ गेलं, कारण दोन्हींची चिनी नावं मिळतीजुळती. शंभराहून अधिक जणांच्या किडन्या बिघडल्या, त्यात बहुतेक बायका. पुढे किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढाव्या लागलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल डीएनएला चिकटतं आणि तिथे कायमचा बदल करून ठेवतं, त्यामुळे औषध बंद केल्यावरही धोका उरतो. सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही. किडनी बिघडल्याचं दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तेवढं वाढत जातं. याची सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. घटकांत हे नाव दिसलं तर ते औषध घेऊच नका.

‘शोधन, म्हणजे विष काढण्याची प्रक्रिया, केलं की विष उरत नाही.’

योग्य रीतीनं केलं तर हे बऱ्याच अंशी खरं आहे. बचनागातलं विषारी द्रव्य अ‍ॅकोनिटिन पुरेसा वेळ उकळल्यावर तुटतं आणि कितीतरी सौम्य होतं. पण तुकडे जाड ठेवले किंवा आच लवकर बंद केली, तर आतलं विष तसंच राहतं. शुद्ध अ‍ॅकोनिटिनचे सुमारे २ मिलिग्रॅम जीव घेऊ शकतात. आधी ओठ-जिभेला मुंग्या, मग हातपाय बधिर, उलट्या आणि शेवटी हृदयाचे ठोके बेताल. यावर खात्रीचा उतारा नाही. मुंग्या जाणवताच ईसीजी आणि मॉनिटरची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. घरी ताक-तूप पाजत बसू नका.

‘ज्येष्ठमधासारख्या साध्या जिनसा कितीही चालतात.’

ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे कॉर्टिसॉल हे हार्मोन किडनीत निष्क्रिय होत नाही आणि मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या हार्मोनचं काम करू लागतं. मीठ-पाणी साचतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. युरोपात ग्लिसरायझिनची वरची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम धरतात. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी, लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नये.

‘गोळ्यांबरोबर घेतलं तरी हरकत नाही.’

हरकत आहे, आणि मोठी. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीसाठी घेतली जाणारी वनस्पती लिव्हरमधली एन्झाइम वाढवते आणि दुसरी औषधं भराभर शरीराबाहेर जातात. २०००मध्ये हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांत तिच्यामुळे सायक्लोस्पोरिन या, शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागल्याची नोंद झाली. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिनही तिनं निष्प्रभ होतात. बंद केल्यावर हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात.

‘वनस्पतीच्या औषधात शिसं-पारा कुठून येणार?’

२००४मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पोटात कळा, पंडुरोग (रक्त कमी होणं) आणि बद्धकोष्ठता एकत्र दिसली तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

‘खाज, मळमळ म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडतेय.’

सगळ्यात घातक दावा हाच, कारण तो ऐकून माणूस औषध चालूच ठेवतो. खाज, अन्नावरची वासना उडणं, गडद लघवी, पिवळे डोळे ही लिव्हर सुजल्याची लक्षणं आहेत. त्याच दिवशी औषध थांबवा, एसजीपीटी आणि बिलिरुबिन या लिव्हरच्या रक्तचाचण्या करा. एसजीपीटी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. जाताना उरलेलं औषध, वेष्टन आणि बॅच नंबर बरोबर न्या. पुडी सुटी असेल तर तीच न्या, आणि किती दिवस, किती चमचे घेतली हे लिहून ठेवा.