गोवर "निघून गेलेला बरा" नसतो

"गोवर काय, सगळ्यांनाच निघतो लहानपणी, निघून गेलेला बरा" हे अजूनही ऐकू येतं, चांगल्या शिकलेल्या घरांतसुद्धा, आणि दरवेळी माझा जीव तुटतो.

आपली इम्युनिटी अनुभवातून शिकते. जंतू आला की बी सेल, टी सेल या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखून लढतात आणि त्यातल्या काही मेमरी सेल म्हणून मागे राहतात. ही आठवण किती टिकावी? १८४६ ला फेरो बेटांवर गोवरची साथ आली, पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला, बहुतेक लोक आजारी, पण १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता ती म्हातारी माणसं ठणठणीत. तब्बल ६५ वर्षांनी!

आणि गोवरचा व्हायरस नेमका या मेमरी सेलच मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवरच्या आधी आणि नंतर तपासलं होतं, २०१९ मध्ये ते छापून आलं, बाकीच्या आजारांविरुद्धच्या अँटीबॉडी ११ ते ७३ टक्के गायब! म्हणजे पुरळ गेलं, ताप उतरला, घरचे निर्धास्त झाले, आणि पोर पुढे न्यूमोनियाला, जुलाबाला उघडं पडलं. लसीतला व्हायरस कमजोर केलेला असतो, तो गोवरची ओळख करून देतो पण आधीची आठवण पुसत नाही.

लस न देणारे म्हणतात "आमच्या मुलाचं आम्ही बघू", हे मला अजिबात पटत नाही. एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीचा, पहिला डोस मिळतो ९ महिने पूर्ण झाल्यावर, त्याच्या आतलं बाळ किंवा केमो चालू असलेलं मूल आपल्या भरवशावर असतं, आणि गोवर एकाकडून १२ ते १८ जणांना होऊ शकतो म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात, थोडं कमी पडलं तरी साथ येते. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात आलीच ना, मुलं दगावली.

पण तिथल्या आईबापांना अडाणी म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. कोविडमध्ये कितीतरी डोस राहिले होते, आणि लसीनंतर पोराला ताप आला की हातावर पोट असलेल्याचा रोज बुडतो, त्याला लेक्चर देऊन काय होणार, संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतच लसीकरण ठेवा, तापाचं आधीच नीट समजावून सांगा. आशाताई ते करतातच, पण त्यांना वेळेवर मानधन तरी द्या!

दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो आणि तोच जास्त विसरला जातो. कार्ड काढून बघा, राहिला असेल तर ५ वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात फुकट मिळतो.