खुलासा : जुने हॉलिवूड चित्रपट आणि ब्लू-रे
‘एचडी येण्यापूर्वीच्या हॉलिवूड चित्रपटांना ब्लू-रेने काहीच फरक पडत नाही, म्हणून त्यांना गिऱ्हाईकच नाही’ हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. हे चित्रपट फिल्मवर चित्रित झाले असून चांगल्या स्थितीतील ३५ मिमी निगेटिव्हमध्ये (कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्ममध्ये) ब्लू-रे या एचडी (हाय डेफिनिशन) तबकडीच्या १०८० आडव्या ओळींत मावेल त्याहून अधिक तपशील असतो. १९६२चा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ तर त्याहून रुंद ६५ मिमी फिल्मवरचा. ८के स्कॅनवरून, म्हणजे सुमारे आठ हजार ठिपके रुंदीच्या डिजिटल प्रतीवरून, त्याची ब्लू-रे २०१२ मध्ये निघाली. मृगजळातून उंटावर येणारा ओमर शरीफ डीव्हीडीवर बराच वेळ नुसता थरथरता ठिपका वाटतो, ब्लू-रेवर मात्र स्वार लवकर ओळखू येतो. दोन्ही तबकड्या लागोपाठ लावून मी हे पाहिले आहे. मागणी मर्यादित आहे, हे खरे. पण ती आहे म्हणूनच क्रायटेरियन आणि वॉर्नर आर्काइव्ह हे तबकड्या काढणारे अमेरिकी वितरक असे चित्रपट ब्लू-रेवर आणत आले आहेत. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.