आधी खांदे, मग खिसा

भाच्याचा परवा मेसेज आला. "मामा, सूट शिवून घेऊ की रेडीमेड? शिवायला तिप्पट पैसे लागतायत. तिप्पट बरा दिसेन का मी?"

उत्तर लिहायला बसलो तर ते वाढतच गेलं, म्हणून इथे टाकतोय. या बाबतीत मी दोनदा पदरचे पैसे मोजलेत. एकदा वाया गेले, एकदा सार्थकी लागले. आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळच्या बिलात फार फरक नव्हता.

सरळ उत्तर आधी देतो. तिप्पट काय, दीडपटही दिसणार नाहीस. दहा पावलांवरून बघणाऱ्याला नीट बसलेला रेडीमेड सूट आणि शिवलेला सूट यांतलं काही कळत नाही. फोटोत तर नाहीच नाही. फरक कळतो तो घालणाऱ्याला. सूट घालून चार तास बसल्या-उठल्यावर, वरच्या कप्प्यातली बॅग काढायला हात उचलल्यावर, गाडी चालवताना. म्हणून "लोक काय म्हणतील" यासाठी शिवणार असशील तर विषय इथेच संपला, रेडीमेड घे.

रेडीमेडला नाक मुरडायची एक पद्धत आहे, ती मला पटत नाही. अमेरिकेत ब्रुक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीने १८४९ मध्ये तयार सूट विकायला सुरुवात केली. पुढे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांचे गणवेश घाऊक शिवताना मापांचे ठरावीक गट पडत गेले. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं कारखानदार एकाच प्रश्नाला भिडलेत, की कुठलं माप जास्तीत जास्त लोकांना बसेल. त्यात ते हुशार झालेत. त्यांच्या डोक्यात एक माणूस आहे: छाती ४०, कंबर ३४, म्हणजे दोन्हींत ६ इंचांचा फरक. दोन्ही खांदे एका पातळीत. पाठ ना वाकलेली, ना फार ताठ. हात शरीराच्या अगदी कडेला लोंबणारे. या काल्पनिक गृहस्थाशी तुझं शरीर जुळत असेल तर तुझे बरेच पैसे वाचले.

जुळतं का ते कसं कळणार? दुकानात जा, कोट घाल आणि फक्त खांद्यांकडे बघ. बाकी सगळं नंतर. कंबर आत घेता येते, बाहीची लांबी कमी करता येते, पॅन्टची उंची तर कोणीही करून देतो. खांदा मात्र हलवायचा म्हटलं की बाही उसवा, आतलं पॅड काढा, मुंढा (बाही जिथे जोडतात तो गोल) नव्याने कापा, वर कॉलर सरकणार ती वेगळीच. चांगला कारागीर ते करतो, पण तेवढ्या मजुरीत दुसरा कोट येईल. खांद्याची शिवण जिथे तुझा खांदा संपतो तिथेच संपली पाहिजे. मग आरशाला पाठ कर आणि कोणाला तरी मानेमागचा फोटो काढायला सांग. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून बसलीय का? मध्ये बोट जाईल एवढी फट असेल तर तो कोट तुझा नाही, मग सेल कितीही मोठा असो.

आता माझी पहिली फजिती. नोकरीत नुकतीच बढती मिळालेली, अंगात वारं शिरलेलं. एका चकचकीत दुकानात गेलो, सगळ्यात महागाचं कापड निवडलं. विक्रेत्याने "सुपर १५०" असं इतक्या आदराने म्हटलं की पुढे विचारायची हिंमतच झाली नाही. पाच मिनिटांत मापं घेतली आणि दहा दिवसांनी सूट तयार. मधे एकही ट्रायल नाही. मीही खूश, चकरा वाचल्या म्हणून! घरी येऊन घातला तर उजव्या बाजूला काखेपासून एक तिरकी घडी. हात वर केला की अख्खा कोट हाताबरोबर वर, कॉलर कानाशी. परत नेला तर उत्तर मिळालं, "तुमची उभं राहण्याची पद्धतच तशी आहे, सर." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण मग मी पैसे कशाचे दिले होते?

ते पुढे कळलं. कापडाचे दिले होते. "सुपर" पुढचा आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे एवढंच सांगतो. सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन जाडी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सुपर १२० म्हणजे १७.७५, सुपर १५० म्हणजे १६.२५. तंतू बारीक तसं कापड मऊ, पण नाजूकही. पटकन चुरगळतं, घासून लवकर विरतं. रोजच्या वापराच्या माणसाने १५० च्या वाटेला जाणं म्हणजे लग्नातली पैठणी नेसून भाजी आणायला जाण्यासारखं. सुपर १०० किंवा ११०, जरा वजनदार, पडताना सरळ पडणारं, हे कितीतरी उपयोगी. पण विक्रेत्याला आकडा विकायला सोपा जातो, कारण आकडा मोठा असला की गिऱ्हाईक प्रश्न विचारत नाही.

आणि आत काय होतं, ते चौथ्या ड्राय क्लीनिंगनंतर दिसलं. छातीवर बुडबुड्यांसारखे फुगवटे आले. कोटाला समोरून आकार देणारा एक आतला थर असतो. पूर्वापार पद्धत अशी की लोकर, सुती धागा, घोड्याचे केस असं मिळून विणलेला कॅनव्हास घालायचा आणि तो हाताने, ढिल्या टाक्यांनी कापडाला धरून ठेवायचा. तो हळूहळू अंगाचा आकार घेतो. स्वस्त आणि झटपट पद्धत म्हणजे तो थर गरम प्रेसखाली गोंदाने चिकटवायचा. याला फ्यूजिंग म्हणतात, आपल्याकडचे टेलर पेस्टिंगही म्हणतात. हल्लीचं फ्यूजिंग पूर्वीपेक्षा बरंच टिकतं, पण गोंद सुटला की सुटला, त्याला इलाज नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. सगळ्यात खालच्या काजाच्या खाली कोटाचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचा आणि थर अलगद वेगळे करायचे. आत तिसरा, सुटा थर हाताला लागला तर कॅनव्हास. समोरचं कापड एकच पुठ्ठ्यासारखं लागलं तर चिकटवलेलं. माझ्या त्या कोटाला ही चिमटी मी आधी काढली असती तर... असो.

यातून अजून एक गोष्ट उलगडली. "कस्टम" या एका शब्दाखाली दोन वेगळे धंदे चालतात. एकात कारखान्याचा तयार पॅटर्न घेतात आणि तुझ्या मापाप्रमाणे इथे थोडा वाढवतात, तिथे थोडा कमी करतात. हे मेड टू मेजर. दुसऱ्यात कोऱ्या कागदावर तुझा, फक्त तुझाच पॅटर्न आखतात, कापड कच्च्या टाक्यांनी जोडून अंगावर चढवतात, परत उसवतात, परत जोडतात. हे बिस्पोक. पाटी बघून हे ओळखता येत नाही. २००८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने यंत्रावर शिवलेल्या सुटालाही बिस्पोक म्हणायला हरकत नाही असा निर्णय दिला, तेव्हा लंडनमधल्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या नावाजलेल्या रस्त्यावरच्या कारागिरांचा चांगलाच हिरमोड झाला होता. त्यांच्या संघटनेचा दंडक असा की एका सुटामागे किमान ५० तासांचं हातकाम हवं. ५० तास! म्हणजे कामाचा आठवडा संपून वर थोडे तास उरतात. तीन दिवसांत, हलक्या दरात कोणी बिस्पोक देत असेल तर ते तास कुठून तरी गळालेले असणार.

म्हणून मी आता शिवणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो. कापड कुठलं हे नाही, किती वर्षं दुकान आहे हेही नाही. "ट्रायल किती घेणार, आणि पहिली कच्च्या टाक्यांवर असेल का?" उत्तरात "ट्रायलची गरज पडत नाही साहेब, आमची मापं अचूक असतात" असं आलं की नमस्कार करून निघायचं. मापं अचूक असूनही कोट चुकतो. छाती ४० इंच असलेली दोन माणसं घ्या. एकाची ती पाठीत असते, दुसऱ्याची पुढे. टेप दोघांनाही ४० च सांगतो.

दुसरा सूट शिवला ते मास्तर वेगळे. त्यांनी टेप हातातच घेतला नाही. "जरा चालून दाखवा." मी दुकानातल्या दुकानात चाललो. मग खुर्चीवर बसायला लावलं, खिशातून फोन काढायला लावला. मी आरशाकडे वळलो तर म्हणाले, "आरशात नका बघू. आरशात बघितलं की प्रत्येक माणूस पोट आत घेतो." मग मापं, त्यांना अर्धा तास लागला. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. "बॅग कुठल्या खांद्यावर?" त्यांनी विचारलं. उजव्याच. कॉलेजपासून. चाळीस वर्षांच्या आयुष्यात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आईनेही नाही.

पहिल्या ट्रायलला जे अंगावर चढवलं त्याला कोट म्हणवत नव्हतं. पांढऱ्या धाग्याचे लांब टाके, एकच बाही, खिशांचा पत्ता नाही. मास्तरांनी खडूने दोन रेघा मारल्या आणि ती एकुलती बाही माझ्या अंगावरच टरकन उसवून काढली. मी दचकलो. ते म्हणाले, "तुमचे हात पुढे पडतात, कॉम्प्युटरवाल्यांचे पडतातच." बाही मुंढ्यात थोडी पुढे फिरवून टाचली आणि काखेतली ती घडी, जिने मागच्या सुटात माझा जीव खाल्ला होता, नाहीशी झाली. मुंढाही त्यांनी वर घेतला होता, काखेच्या अगदी जवळ. हेच उलटं वाटतं बघा. आपल्याला वाटतं मुंढा ऐसपैस असला की हात मोकळा हलेल. प्रत्यक्षात ऐसपैस मुंढा हाताबरोबर सगळा कोट उचलतो, आणि वर घेतलेल्या मुंढ्यात फक्त बाही उचलली जाते, कोट जागेवर राहतो. रेडीमेडवाल्याला तो वर घेता येत नाही, कारण तोच कोट दहा वेगवेगळ्या दंडांना बसवायचा असतो.

तीन ट्रायल झाल्या. तिसऱ्या वेळी कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू. तरी माझ्या मते त्या बिलातले सगळे पैसे या तीन चकरांचे होते, आणि कापड मी मुद्दाम मधल्या दर्जाचं घेतलं होतं.

आणखी एक गोष्ट जी बिलावर दिसत नाही, ती म्हणजे माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात, आणि याहून चांगला शब्द मला कुठल्याही भाषेत माहीत नाही. रेडीमेडमध्ये ती जेमतेम असते, कारण हजारो कोटांमागे प्रत्येकी दोन बोटं कापड म्हणजे कारखान्याला डोंगराएवढा खर्च. मास्तरांनी ती सढळ हाताने ठेवली होती. तीन वर्षांनी माझं पोट सुटलं, तेव्हा त्याच कोटाची कंबर दीड इंच सोडून दिली. ब्रिटनच्या चार्ल्स यांचा १९८४ मध्ये शिवलेला मॉर्निंग कोट (दिवसाच्या समारंभांचा लांब कोट) २०१८ मध्ये धाकट्या मुलाच्या लग्नातही अंगावर होता. अर्थात त्यांच्याकडे कोट जपायला माणसं आहेत आणि वजन वाढू न देण्याची शिस्तही. माझ्याकडे दोन्ही नाही, म्हणून मला माया लागते.

आता हिशोब. तिप्पट किंमत वसूल व्हायची तर सूट तिप्पट वेळा अंगावर चढला पाहिजे, इतकं ते साधं आहे. वर्षातून एक-दोन समारंभ, एखादी मुलाखत, एवढ्यावर तो आकडा गाठायला म्हातारपण येईल, आणि तोवर शरीर तेच राहील याची खात्री कोण देणार? अशा माणसाने चांगल्या खांद्याचा रेडीमेड घ्यावा आणि उरलेल्यातले थोडे पैसे आल्टरवाल्याला द्यावेत. कामावर आठवड्यातून दोन-तीनदा सूट घालावा लागणाऱ्याने शिवावा, आणि एका कोटावर दोन पॅन्टी शिवाव्यात. कारण पॅन्ट आधी जाते, बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आत. मग धडधाकट कोट जोडीदाराविना कपाटात लोंबत राहतो.

आणि ज्याच्या अंगाला रेडीमेड बसतच नाही त्याने? फार उंच, फार बुटका, पाठीला बाक, एक खांदा उतरलेला, व्यायामाने छाती-कंबर यांत १० इंचांचा फरक पडलेला. त्याने हिशोब करूच नये. त्याला दुकानात दर वेळी आपल्याच शरीरात काहीतरी चुकलंय असं वाटत आलेलं असतं. पहिल्यांदा मापाचा कोट अंगावर चढला की ते वाटणं जातं. त्याची किंमत मला लावता येत नाही.

एक सावधगिरी मात्र. आयुष्यातला पहिलाच सूट शिवू नकोस. लेपल (कॉलरखाली छातीवर उलटलेली पट्टी) किती रुंद, कोटाची उंची किती, मागे एक चीर की दोन, यातलं आपल्याला काय आवडतं हे दोन-तीन वर्षं सूट वापरल्याशिवाय कळत नाही. नाही कळलं की मग आपण "मास्तर, तुम्हीच ठरवा" म्हणतो आणि मास्तरांच्या तरुणपणाची फॅशन अंगावर घेऊन घरी येतो.

एवढं सगळं भाच्याला पाठवलं. "मामा, वाचतो" असं उत्तर आलं आणि चार दिवस शांतता. काल फोटो आला. रेडीमेड घेतला होता त्याने. मी फोटो मोठा करून खांदे बघितले, बरोबर. मानेमागचा फोटोही न मागता पाठवला होता, कॉलर चिकटून. बाही अर्धा इंच कमी करून शर्टाची कड दिसेल अशी करून घेतली होती. मला उगाच थोडं वाईट वाटलं, त्याला मास्तरांकडे न्यायचं मनात होतं.

मग पाठीमागचा फोटो पुन्हा बघितला. चिरेवर कारखान्यातला तो फुलीचा पांढरा टाका, जो घालण्याआधी कापून टाकायचा असतो, अजून तसाच. लगेच फोन लावला. म्हणाला, "मामा, मला वाटलं ती डिझाईन आहे."