आर्ट रॉक जन्मलं चित्रकलेच्या वर्गात

आर्ट रॉक म्हणजे कलेच्या प्रयोगांतून घडलेलं रॉक संगीत. त्याचा विषय निघाला की लगेच वीस-वीस मिनिटांची गाणी, अवघड ताल आणि लांबलचक गिटार सोलो यांच्यावर चर्चा सुरू होते. मला हे पटत नाही. तो प्रोग्रेसिव्ह रॉकचा प्रांत. दोघांमधली सीमारेषा पुसट आहे, मान्य. पण आर्ट रॉकचं मूळ वाजवण्याच्या तयारीत शोधू नका, ते ब्रिटनच्या आर्ट कॉलेजांत आहे.

शाळेत गुणांची बोंब असलेल्या पोरांना तेव्हा तिथे दार उघडं असे. बीटल्सचा जॉन लेनन ओ-लेव्हलला, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेला, सगळ्या विषयांत नापास, तरी १९५७ मध्ये लिव्हरपूलच्या आर्ट कॉलेजात दाखल झाला. पीट टाउनशेंड लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात होता. तिथे त्याने गुस्ताव मेट्झगरचं व्याख्यान ऐकलं. कलाकृती नष्ट करणं हीच कला, असं मांडणारा हा माणूस. पुढे आपल्या 'द हू' या बँडच्या कार्यक्रमांत टाउनशेंड गिटार फोडू लागला, त्यामागे नुसता माज नव्हता, हा विचारही होता.

याच ईलिंगमधून १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइन शिकून बाहेर पडला फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारोख बलसारा. त्याच्या 'क्वीन' या बँडचं बोधचिन्ह त्यानेच काढलं. त्यांचं १९७५ चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं ऐका. बॅलड, ऑपेरा, हार्ड रॉक, सगळं ५ मिनिटं ५५ सेकंदांत, आणि धृपदाचा पत्ता नाही! वेगवेगळ्या चित्रांचे तुकडे कापून एका कागदावर चिकटवावेत तसं ते बांधलंय. कोलाज करणाऱ्या हाताचं काम आहे ते.

माझ्या लेखी या संगीताचं खरं वैशिष्ट्य हेच. गाणं आधी बसवून मग त्याचं ध्वनिमुद्रण करायचं, हा क्रम इथे उलटतो. गाणं स्टुडिओतच घडवलं जातं. १९६६ मध्ये बीटल्सनी 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये टेपचे लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारे ध्वनीचे तुकडे, फिरवले, लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला आणि जवळजवळ अख्खं गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकाच स्वरसमूहावर, उभं केलं. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडला चित्रकार अँडी वॉरहॉलचा आधार होता. १९६७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावरचं केळं त्याचंच. त्यात बँडमधल्या जॉन केलच्या व्हायोलाचा (व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ) एकसुरी, किरकिरता स्वर ऐकून आजही अंगावर काटा येतो.

आणि मग 'रॉक्सी म्युझिक' हा ब्रिटिश बँड. त्याचा गायक ब्रायन फेरी न्यूकॅसलमध्ये रिचर्ड हॅमिल्टनच्या हाताखाली शिकला. हा हॅमिल्टन म्हणजे पॉप आर्टचा (जाहिराती, रोजच्या वस्तू यांतून घडलेल्या कलेचा) मोठा चित्रकार, बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'चं कोरं पांढरं वेष्टन त्याचंच. त्याच बँडमधला ब्रायन ईनोही आर्ट कॉलेजातलाच. तो स्वतःला 'वादक नसलेला' म्हणवायचा आणि सिंथेसायझर व टेपरेकॉर्डर घेऊन बँडमध्ये बसायचा. शास्त्रशुद्ध शिकलेल्या वादकाला जे सुचलं नसतं ते त्याला सुचायचं, कारण काय करू नये हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. गायक डेव्हिड बोवीच्या १९७७ च्या 'लो' या अल्बमवर त्याची छाप स्पष्ट ऐकू येते.

म्हणून नव्याने ऐकणाऱ्यांना माझा आग्रह आहे की 'रॉक्सी म्युझिक'च्या १९७२ च्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात करा. पहिल्याच गाण्यात पार्टीतली कुजबुज आहे आणि कोरस चक्क एका गाडीची नंबरप्लेट म्हणतो. हेडफोन लावून, एका बैठकीत ऐका, आणि काय वाटलं ते खाली नक्की लिहा.