यशिका-मॅट या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या दुरुस्तीवर मिळालेल्या एका स्टारला उत्तर

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि सोबत टाकलेले निगेटिव्हचे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं असं की दहा आठवडे लागले, 3,200 रुपये घेतले, तरी पहिल्याच रोलच्या 12 पैकी 7 फोटोंवर पांढरे पट्टे आले. लेन्सवरचे डाग राहिलेच, उजेड मोजणारा मीटर भरवशाचा नाही. शेवटी लिहिलंय, "दारव्ह्यासारख्या गावात बाबांचा कॅमेरा द्यायलाच नको होता."

पट्ट्यांची चूक माझी आहे. तुमच्या निगेटिव्हवर तो पट्टा फोटोच्या चौकटीपाशी थांबत नाही, थेट फिल्मच्या काठापर्यंत जातो. उजेड लेन्सकडून आला असता तर चौकटीच्या आतच राहिला असता. बाहेर गेला, म्हणजे तो मागच्या झाकणातून शिरला. झाकणाच्या खाचेत फोमची पट्टी असते. चाळीस-पन्नास वर्षांत तिचं डांबर होतं, हात लावला की बोट काळं होतं. कडांची पट्टी मी बांबूच्या काडीने खरवडून काढली आणि नवी बसवली. बिजागरीकडची दाबून पाहिली, मऊ लागली, म्हणून तशीच ठेवली. तिथेच चुकलो. तपासणीही दुकानात टॉर्च लावून केली. भर दुपारच्या उन्हात रोल घालून करायला पाहिजे होती. तुमचे सात फोटो गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं, ते काही मला परत देता येणार नाहीत.

लेन्सचं मात्र मी तेव्हा सांगितलं तेच आजही सांगेन. तुम्ही कॅमेरा आणला तेव्हा समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला बुरशीचं जाळं होतं, झाडाच्या मुळ्यांसारखं पसरलेलं. मोबाईलचा टॉर्च धरून आपण दोघांनी पाहिलं होतं. ते जाळं निघालं. पण बुरशी काचेवर नुसती बसत नाही, आम्ल सोडते, आणि ते आम्ल काचेवरचा लेप खातं. तुम्हाला दिसतात ते डाग म्हणजे खाल्लेल्या लेपाच्या खुणा आहेत, त्या पुसून जाणाऱ्या नाहीत. पॉलिश करून काच चकचकीत करून देतो म्हणणारे भेटतील. हात जोडून सांगतो, देऊ नका. तो लेप केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. घासला की सगळाच जातो आणि काचेचा घडवलेला आकारही बिघडतो. या खुणांनी फोटोत फरक पडतो तो ऊन समोरून थेट लेन्सवर आलं तरच, चित्र जरा धुरकट येतं. अशा वेळी लेन्सच्या वर तळहात आडवा धरा. मी स्वतः तसंच करतो.

आता दहा आठवडे. त्यातले बारा दिवस मी तुरीच्या काढणीत होतो आणि तुम्हाला साधा फोनही केला नाही, हे चुकलंच. बाकीचा वेळ शटरने घेतला. तुमच्याकडे ते एक सेकंदाच्या वेगावर अडकून बसायचं. पुढचं लेदरेट, म्हणजे नकली चामडं, अलगद सोडवून, समोरची पट्टी काढून आतली चक्रं धुतली, तेव्हा एक सेकंदाची किर्रर्र एकदम स्वच्छ यायला लागली. त्याच दिवशी कॅमेरा दिला असता तर तुम्ही खूश होऊन गेला असता. पण चौथ्या दिवशी सकाळी, जानेवारीच्या थंडीत, ती किर्रर्र मध्येच दमली. दुपारी ऊन तापलं की पुन्हा नीट. म्हणजे कोपऱ्यात कुठेतरी जुनं ग्रीस होतं आणि ते गारठ्यात घट्ट होत होतं. परत सगळं उघडलं. म्हणून धुतलेलं शटर मी पंधरा दिवस तरी कपाटावर ठेवतो, रोज सकाळ-दुपार चालवून ऐकतो. हे मी घाईत करणार नाही, उशिराचा आणखी एक स्टार गेला तरी.

मीटर बिघडलेला नाही. तो 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलाय, ते सेल बंद झाले. दीड व्होल्टचा घातला की मीटर उजेड जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. मेडिकलमध्ये कानाच्या मशीनचा 675 नंबरचा सेल मिळतो, तो रबरी रिंग लावून बसवा. आणि आपल्याकडच्या उन्हात मीटर लागतोच कशाला? 400 ची फिल्म, शटर 1/500 सेकंदावर, लेन्सचं छिद्र एफ 16 वर, बस.

गावाचं लिहिलंत ते लागलं. डिजिटल आल्यावर आजूबाजूच्या स्टुडिओवाल्यांनी किलोच्या भावात काढलेले कॅमेरे मी घरी आणले आणि त्यांच्यावरच हे काम शिकलो. तुमच्या बाबांनी याच कॅमेऱ्यातून आमच्या मोतीबाग स्टेशनवर काढलेला शकुंतलेचा, म्हणजे आपल्या छोट्या रेल्वेगाडीचा, फोटो तुम्ही दाखवला होतात. वाफेचं इंजिन 1994 साली गेलं, म्हणजे फोटो त्याआधीचा. इंजिनच्या अंगावरचा एकेक रिव्हेट मोजता येतो. तो पाहिल्यावरच मी हा कॅमेरा घ्यायला हो म्हटलं होतं, नाहीतर इतकी बुरशी लागलेला मी घेत नाही.

फोमच्या कामाचे 500 रुपये परत करतो. कॅमेरा घेऊन या, बिजागरीची पट्टी तुमच्यासमोर बदलतो, तासाभराचं काम आहे. मग माझ्याकडचा रोल घालून भर उन्हात बारा फोटो तुम्हीच काढा. रोल मी इथेच धुऊन देईन. एप्रिलमध्ये टाकीचं पाणी तापलेलं असतं, ते माठातलं पाणी आणि बर्फ घालून 20 अंशांवर आणावं लागतं, म्हणून सकाळी लवकर या. तोवर कॅमेरा चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. ते ओल धरतं आणि बुरशी परत येते. स्टीलच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा. येताना ती निगेटिव्ह नक्की आणा, पट्टा नेमका कुठून सुरू होतो ते मला झाकणावर लावून पाहायचंय.